मावशीला आवडलेलं घर

गावाहून परतलेल्या माणसाने काय बोलायचं हे आपल्याकडे जवळजवळ ठरून गेलं आहे. हवा काय स्वच्छ, चांदणं काय पडलं होतं, भाजीला काय चव, माणसं काय मोकळी. मग एक सुस्कारा, आणि 'आपण इथे खुराड्यात राहतो.' पहिलं सगळं मला मान्य आहे. मावशीच्या अंगणात बाज टाकून झोपलं की आभाळभर चांदण्या दिसतात, आणि तिच्या हातच्या वालाच्या बिरड्याची चव माझ्या हाताला अजून आलेली नाही. सुस्कारा मात्र मला टाकता येत नाही. यंदा मे महिन्यात तिच्या गावाहून ठाण्याला, वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत परत आले तेव्हा मला माझं घर इतकं आवडलं, की त्याबद्दल सविस्तर लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. शहरातल्या घराच्या सोयींवर जीव जडणं म्हणजे माणूस ऐषारामी झाला, मुळं विसरला, असा एक सूर नेहमी लागतो. तो मला पटत नाही. का पटत नाही, ते मावशीमुळे मला जास्त स्पष्ट कळलं.

निमित्त लग्नाचं होतं. मावसभावाच्या थोरल्या मुलीचं. ठाण्याहून आसनगाव लोकलने सव्वा तास, पुढे शहापूर, शहापूरहून डोळखांबच्या अंगाला एसटी, आणि शेवटचा रस्ता दादाच्या मोटारसायकलवर. जिल्हा एकच. 2014 साली पालघर वेगळा निघाला, शहापूर ठाण्यातच राहिलं, त्यामुळे मावशी आणि मी आजही एकाच जिल्ह्यात राहतो. वाटेत भाताच्या खाचरांमधले काळे चौकोन दिसत होते. राब भाजून झालेला होता. रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या आणि गवत पसरून वर मातीचा थर देतात आणि पावसाआधी ते धुमसत जाळतात. तण मरतं, रोप जोमाने येतं. करवंदाच्या जाळ्या लगडल्या होत्या. दादाने गाडी थांबवून ओंजळभर तोडून दिली. ती चव ठाण्याच्या बाजारात टोपलीतून विकत घेतलेल्या करवंदांना नसते, हे अगदी खरं आहे.

लग्न छान झालं. मला सांगायचंय ते लग्नाच्या यादीबद्दल. दादाने वहीत खर्चाची यादी केली होती. मांडव, आचारी, वाजंत्री, भटजी, कपडे. या सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, टँकर. हळदीला एक, लग्नाला दोन. टँकरवाला नक्की येतो म्हणाला तेव्हाच तारीख पक्की झाली, असं वहिनी म्हणाल्या.

गावच्या विहिरीत होळीनंतर पाणी टिकत नाही. पावसाळ्यात तिथे गेलेल्या माणसाला हे सांगून खरं वाटत नाही. जून ते सप्टेंबर शहापूरच्या डोंगरांवर अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. ठाण्यात आपण ज्या पावसाला वैतागतो त्याच तोलाचा. पण सह्याद्रीचा काळा बसाल्ट पाणी पोटात धरत नाही. मातीचा थर पातळ, खाली कातळ, जमीन उताराची. पडलेलं पाणी ओढ्यांनी नदीत आणि नदीने खाडीत निघून जातं. वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जे थोडं मुरतं, त्यावर विहीर जमेल तेवढे महिने तग धरते. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की मग रात्रभर झिरपून जे साठेल तेच सकाळी गावाचं. म्हणून बायका पहाटे तीनला उठतात. आधी पोचलेल्यांना स्वच्छ पाणी मिळतं, उशीर झालेल्यांना गढूळ.

मी उठले तेव्हा उजाडलेलं होतं. न्हाणीत माझ्यासाठी एक बादली गरम पाणी काढून ठेवलेलं, वर ताट झाकलेलं. शेजारी कागदातून नुकताच काढलेला साबण. धाकटी भाची, यंदा बारावीत गेलेली, दाराशी उभी होती. "आत्या, अजून लागलं तर सांग हां, हाय एक कळशी." तिच्या मागे दांडीवर ओढणीची चुंबळ सोडून वाळत घातली होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. ती बादली अठरा लिटरची होती. म्हणजे अठरा किलो. विहीर गावाच्या खालच्या अंगाला, येतानाची वाट सगळी चढाची, आणि अंधारात दगडगोट्यांतून ती अठरा किलो या मुलीने डोक्यावर आणली होती. नंतर चुलीवर तापवली होती, ज्या चुलीचं सरपणही तिनेच किंवा तिच्या आईने डोक्यावर आणलेलं. आणि हे माझ्यासाठी. ठाण्याहून आलेल्या आत्याच्या अंघोळीसाठी. मी तांब्या तांब्याने अंघोळ केली आणि निम्मी बादली उरवली. वहिनींनी ते उरलेलं पाणी पाहिलं आणि काही न बोलता भांड्यांकडे नेलं. भांडी विसळलेलं पाणी परसातल्या केळीला गेलं. त्या घरात पाणी एकदा वापरून सोडून द्यायची पद्धतच नाही. तांदूळ धुतलेलं पाणी गाईच्या घमेल्यात, भाजी धुतलेलं झाडाला, अंघोळीचं अळूच्या वाफ्यात.

मला या काटकसरीचं कौतुक आहे, पण ते एका मर्यादेपर्यंतच. कारण काटकसर कोणाच्या तरी कमरेवर चाललेली असते. वहिनी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान आहेत, आणि उठताना गुडघ्यावर हात टेकतात.

घरामागे शौचालय आहे. चांगलं बांधलेलं, फरशी लावलेलं, सरकारी अनुदानातून आलेलं. पावसाळ्यापासून संक्रांतीच्या पुढे काही आठवडे सगळे ते वापरतात. उन्हाळ्यात प्रश्न येतो. एका माणसाला एका वेळी अर्धी बादली तरी हवी. घरात सात माणसं, त्यात लग्नाचे पाहुणे. ते पाणी कोण आणणार? त्यामुळे मे महिन्यात बायका पुन्हा जुन्या वेळा धरतात, उजाडायच्या आधी किंवा दिवेलागणीनंतर. मधल्या बारा-चौदा तासांत काय, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "दुपारनंतर पानीच कमी पेयाचं." उन्हाने अंगाची लाही होत असताना. त्या हे इतकं सहज म्हणाल्या, की उत्तर द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

चुलीचंही तसंच. घरात गॅस आहे, 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतला. त्यावर चहा होतो, पाहुण्यांचं होतं, पावसात सरपण भिजलं की होतं. रोजच्या भाकरी चुलीवर. चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी, हे कारण त्या घरात कोणी मला सांगितलं नाही; ते कारण मी ठाण्यात ऐकते. तिथलं कारण साधं आहे. टाकी भरायला एकदम रोख पैसे लागतात, आणि रोख पैसा भात विकल्यावर येतो. सरपण रानातून येतं, त्याला पैसे पडत नाहीत. पडतो तो वेळ, आणि तो बायकांचा.

ठाण्याला परतल्यावर मी घरात जे जे हाताला लागलं ते नव्याने पाहिलं, हे अतिशयोक्ती न करता सांगते. मोरीतला नळ फिरवला की पाणी येतं. संडासाला आतून कडी लागते, आणि आत किती वेळ बसायचं हे मी ठरवते. स्वयंपाकाचा ओटा माझ्या कमरेएवढा उंच आहे, भाकरी थापायला मला वाकावं लागत नाही. बटण दाबलं की शेगडी पेटते, फुंकणी लागत नाही, डोळ्यांतून पाणी येत नाही. रात्री पंखा चालतो. फ्रिजमध्ये उद्याचं पीठ आणि परवाची भाजी आहे, म्हणून आज संध्याकाळी मला एक तास वाचायला मिळतो. तो तास कोणी मला दानात दिलेला नाही, पण तो आकाशातूनही पडलेला नाही. नळ, गॅस, मिक्सर, फ्रिज यांनी मिळून तो साठवला आहे. माझ्या आजीला तो मिळाला नव्हता. आईला अर्धा मिळाला. मी नोकरी करू शकले, वह्या तपासू शकले, रात्री मुलीचा अभ्यास घेऊ शकले, त्याच्या मुळाशी हा तास आहे. साधी राहणी, कमी गरजा यांचे गोडवे गाणाऱ्यांना मला इतकंच विचारावंसं वाटतं, की त्या साध्या राहणीत पाणी कोण भरत होतं.

आणि मग मावशी आमच्याकडे राहायला आली.

तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. लग्न उरकल्यावर लगेच तिला ठाण्यात आणायचं असं दादाचं आणि माझं आधीच ठरलं होतं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. डॉक्टरांनी नंतरची पथ्यं सांगितली. काही आठवडे जड उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धूर आणि धुळीपासून लांब राहायचं. मी ती यादी ऐकत होते आणि मनात एकेका ओळीवर काट मारत होते. हंडा उचलायचा नाही. चुलीपुढे बसायचं नाही. शेण-सारवण नाही. गावी यातलं एकही पथ्य मे महिन्यात पाळता आलं नसतं. चुलीच्या धुराचा मोतीबिंदूशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणजे ज्याने डोळा बिघडला असेल त्याच्याच पुढ्यात ती पुन्हा बसली असती. "मावशी, बरी होईपर्यंत तू इथेच राहायचंस," मी म्हणाले. तिने वाद घातला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

पहिले काही दिवस ती पहाटे तीनला उठून बसायची. अंधारात पलंगाच्या कडेला, पाय खाली सोडून. मला जाग आली की म्हणायची, "नीज तू, बाय. माझी येळ झाली उठाची." इथे पाणी भरायला जायचं नाही, हे तिला ठाऊक होतं, तिच्या अंगाला ठाऊक नव्हतं. मग हळूहळू चार वाजले, पाच वाजले, आणि एके दिवशी मी डबा भरून शाळेत निघाले तरी ती झोपलेली होती. संध्याकाळी जरा लाजून म्हणाली, "इतकी नीज मला लगीन झाल्यापासनं कधी आली नाय." सत्तरी जवळ आलेली बाई.

मला वाटलं होतं तिला टीव्ही आवडेल, लिफ्ट आवडेल. तिला सगळ्यात आवडली ती संडासाची कडी. तिने ते स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि मीही इथे स्पष्टच लिहिते. दुपारी, भर उन्हात, कोणाला न विचारता, कोणाची सोबत न घेता, अंधाराची वाट न बघता उठून जाता येतं, हे तिला फार मोठं वाटलं. आठवड्याभरात ती पाणी नीट प्यायला लागली. औषधाच्या गोळीबरोबर अर्धं फुलपात्र पिणारी मावशी आता तांब्या जवळ घेऊन बसायची. तिचं जुनं डोकं दुखणं कमी झालं. त्याचं कारण पाणी होतं की झोप, ते मी सांगू शकत नाही, बहुधा दोन्ही.

नळाशी तिचं वागणं माझ्यापेक्षा वेगळं होतं. ती धार सुतासारखी बारीक सोडायची. मी तांदूळ धुताना नळ मोठा ठेवला की मागून येऊन बंद करायची, बोलायची नाही. तांदळाचं धुवण तिने सिंकमध्ये जाऊ दिलं नाही. खिडकीतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला घालायला लागली. मीही आता घालते. फ्लशची टाकी किती पाण्याची, असं तिने एकदा विचारलं. आमची जुन्या पद्धतीची, एका वेळी दहा लिटर जाणारी. ती थोडा वेळ हिशोब करत राहिली. "म्हंजे हंडाभर," ती म्हणाली, आणि खरंच जवळजवळ हंडाभरच. आम्ही नंतर ती बदलून दोन बटणांची बसवून घेतली, तीन आणि सहा लिटरची.

मिक्सरवर तिचं मत ठाम होतं. चटणी पाट्यावरचीच चांगली. मला पटतं, मिक्सरमध्ये खोबरं चिरलं जातं, ठेचलं जात नाही, तेल तसं सुटत नाही. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "चांगली लागते, पर वाटनारीच्या खांद्याला इचार." आणि मिक्सरचं बटण कसं फिरवायचं ते माझ्या मुलीकडून शिकून घेतलं.

तिला न आवडलेल्या गोष्टीही होत्या. दुपारी स्लॅब तापतो आणि घर भट्टीसारखं होतं. तिच्या कौलारू, शेणाने सारवलेल्या घरात त्या वेळी गारवा असतो. शेजारचं दार दिवसभर बंद. कोणी ओट्यावर येऊन बसत नाही, कारण बसायला ओटाच नाही. या तक्रारी खऱ्या आहेत आणि मला त्यांवर उपाय सापडलेला नाही. पण ती परत जायला निघाली तेव्हा या दोन्ही गोष्टी तराजूत घालून तिने निवाडा दिला नाही. तो द्यायची हौस आम्हा शहरातल्या माणसांनाच जास्त.

एका सकाळी वॉचमनने मोटर लावली आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी पडायचा आवाज यायला लागला. मावशीने विचारलं, "ह्ये पानी येतं कुठनं?"

मी तिला सगळं सांगितलं. ठाण्याला चार वाटांनी पाणी येतं. पालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण ही पाणी पुरवणारी संस्था, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. स्टेम आणि एमआयडीसी उल्हास नदीतून उचलतात. पालिकेच्या योजनेचं पाणी भिवंडी तालुक्यात पिसे इथे भातसा नदीतून उचललं जातं, टेमघरला शुद्ध होतं आणि ठाण्यात येतं. पिशापर्यंत ते भातसा धरणातून सोडलेलं, नदीच्या पात्रातून वाहत आलेलं असतं. आणि भातसा धरण शहापूर तालुक्यात. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यातलंही जवळजवळ निम्मं तिथलंच. शेजारचं तानसा तर 1892 सालचं. शहापूरच्या डोंगरांतलं पाणी मुंबई सव्वाशेहून जास्त वर्षं पिते आहे. शहापूरच्या वाटेवर ज्या जाड पाइपांवर नजर जाते, ते पाइप हेच.

"म्हंजे आमचंच," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, एखाद्या नात्यातल्या माणसाची ओळख पटावी तसा सूर होता. मग तिने खालच्या टाकीकडे आणि वरच्या टाकीकडे बोट केलं. "ह्ये खालनं वरती सात माळे चढतंय. मंग आमच्या टेकडीवर का नाय चढत?"

या प्रश्नावर मी त्या दिवसापासून विचार करते आहे. विज्ञानाचं उत्तर सोपं आहे. गावं आणि पाडे धरणाच्या पाण्याच्या पातळीहून वर आहेत. शहराकडे पाणी बरंचसं उताराने जातं, गावाकडे उचलून न्यावं लागतं. त्याला पंप, वीज, माणूस आणि दर महिन्याचं बिल लागतं. घरं विखुरलेली, एका पाड्यावर वीस, दुसऱ्यावर तीस, त्यामुळे प्रत्येक घरामागे पाइप लांब. हे सगळं बरोबर आहे. पण आमच्या इमारतीतही पाणी उचललंच जातं. उचलायची ताकद आहे, ती इथे वापरली जाते. मापंसुद्धा आधीपासून वेगळी ठरलेली आहेत. मलनिस्सारणाची व्यवस्था असलेल्या शहरात माणशी दिवसाला 135 लिटर हे नियोजनाचं प्रमाण. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी 55 लिटर. मावशी ठाण्यात असताना 135 लिटरची होती, गावी गेली की 55 ची, आणि मे महिन्यात प्रत्यक्षात त्याहूनही पुष्कळ कमी. इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून शहापूरच्या गावपाड्यांना पाणी आणायची योजना मंजूर झाली आहे. ते धरण घाटावर असल्यामुळे पाणी गुरुत्वाकर्षणाने, पंपाशिवाय खाली येऊ शकेल. म्हणजे मावशीच्या प्रश्नाला उत्तर आहे. ते कागदावरून तिच्या घरात पोचायला हवं आहे.

इथे ठाण्यातही हे सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलेलं नाही, हे लिहिलंच पाहिजे. घोडबंदर रोडला नव्या उंच इमारतींपुढे सकाळी टँकर उभे असतात. मुंब्र्याच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत बायका आजही ड्रम आणि कळशा रांगेत लावतात. माझ्या वर्गातल्या मुली पाण्याच्या वेळेमुळे उशिरा येतात, त्यांना मी उभं करत नाही.

काही ओळखीचे म्हणतात, गावाचं पाणी पिऊन तुला घर आवडतं, याचं वाईट वाटत नाही का? मला वाटतं हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातोय. मी नळ बंद केला, अंधारात बसले, स्टोव्ह पेटवला, तर वहिनींचा हंडा हलका होणार नाही. मला जे मिळालं आहे ते चांगलं आहे. ते मला मिळालं म्हणून चांगलं नाही; झोप, वेळ, आतून लागणारी कडी आणि न दुखणारी कंबर हे कोणालाही चांगलंच. मावशीने ते माझ्या घरात एक महिना वापरून पाहिलं, आणि तिला त्यात काही वाया गेलेलं, काही बिघडलेलं दिसलं नाही. तिला ते तिच्या घरात हवं आहे. ठाण्यात यायचं नाही तिला. आम्ही तिला राहा म्हटलं होतं. मृग लागायच्या आत ती पिशवी बांधून तयार झाली, रोप टाकायचं होतं. "तुझं घर चांगलं हाय, बाय. पर माझं घर तिकडं हाय." डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मी सोडलं नाही, तेव्हा मृगाचा पहिला पाऊस तिने माझ्या खिडकीतून पाहिला आणि तेवढे दिवस रोज फोनवर दादाला रोपाबद्दल सूचना दिल्या.

ती गेल्यावर दादा, वहिनी आणि मी फोनवर एक काम ठरवायला घेतलं. भावलीचं पाणी येईल तेव्हा येईल. छपरावर पाऊस दरवर्षी पडतोच. हिशोब शाळेतल्या मुलालाही करता येईल. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. घराचं छप्पर साधारण साठ चौरस मीटर. अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला तर दीड लाख लिटर पाणी फक्त त्या कौलांवरून अंगणात पडून वाहून जातं. सगळं साठवायला कोणी सांगत नाही. पाच मोठी, दोन लहान माणसं, पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला शंभर लिटर, आणि मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचे शंभर दिवस. दहा हजार लिटरची टाकी पुरेल. फेरोसिमेंटची, म्हणजे जाळीवर सिमेंटचा पातळ थर देऊन केलेली, काँक्रीटपेक्षा स्वस्त पडते. कौलांखाली पन्हळ लावायची. पहिल्या एक-दोन पावसांचं धूळमिश्रित पाणी बाहेर सोडायचं, मग खडी, वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळून आत घ्यायचं. वर घट्ट झाकण, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरतं आणि फट राहिली की डास होतात. खर्च आम्ही दोन्ही घरांनी अर्धा-अर्धा करायचा ठरवला.

वाद झाला तो तोटीवरून. दादाचं म्हणणं, टाकी परसात, तोटी टाकीलाच, हंडा खाली बसेल एवढ्या उंचीवर. वहिनींना ते चाललं असतं. विहिरीची वाट वाचली, परसात काय, चार पावलं. मावशी ऐकायला तयार नाही. हंडा मध्ये आणायचाच कशाला, तिचं म्हणणं. टाकी जोत्याच्या वर घ्या, भिंतीतून पाइप आत आणा, आणि तोटी स्वयंपाकघरात बसवा. गवंड्याने सांगितलं की त्यासाठी टाकीखाली दगडी चौथरा बांधावा लागेल, खर्च थोडा वाढेल. मावशीने तिच्या वाटचे भाताचे पैसे त्यात घालते म्हणून सांगून टाकलं. वहिनींना ती म्हणाली, उभ्याने भांडी घासता येतील असा ओटाही त्याच भिंतीला घालून घे, म्हातारपणाची वाट बघत बसू नको. दादाने वहीत टाकीच्या खाली ओट्याची ओळ वाढवली. भात झोडून झाला की गवंडी मोकळा होतो. दिवाळीनंतर काम सुरू करायचं ठरलं आहे.